घराला कुलूप म्हणजे गाव सोडलं नव्हे: ऊसतोडीला जाणाऱ्यांची नावं मतदार यादीत कशी टिकवायची

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. शिकवण्याबरोबर अकरा वर्षं बीएलओचं काम केलं, म्हणजे गावातल्या एका मतदान केंद्राची यादी माझ्याकडं होती. दुसऱ्या गावांत केंद्राध्यक्ष म्हणूनही बसले. आता निवृत्त आहे, पण गावातली आणि तांड्यावरची माणसं अजून कागद घेऊन दारात येतात. त्यांना जे सांगते, तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकले. एका जानेवारीत मी यादी घेऊन घरोघर फिरत होते. आमच्याकडं जानेवारीत फिरणं म्हणजे कुलपं मोजणं. दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची माणसं, निघतात. नवरा-बायकोची जोडी, तान्ही लेकरं, शेळी असली तर शेळी, सगळं ट्रॉलीत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरं. एका घराला मी तीनदा गेले, तिन्हीदा कुलूप. शेजारी म्हणाले, "ते गेले सगळे कर्नाटकात." मी रकान्यात 'स्थलांतरित' लिहिलं. नोटीस निघाली, त्याच कुलपाच्या दाराला चिकटवली, सुनावणीला कोणी आलं नाही आणि नावं गेली. मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर टेबलावर बसले होते, तेव्हा त्या घरातल्या आक्का समोर आल्या. "बाई, माझं नाव कुठं गेलं? मी तर इथलीच हाय की." माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

उत्तर कायद्यात होतं, मी वाचलं नव्हतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५०, कलम २०, पोटकलम (१अ). राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस, केवळ बाहेर गेला म्हणून, तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' राहिला नाही असं होत नाही. एवढंच वाक्य आहे ते. कोयता घेऊन पाच महिने सांगली-कोल्हापूरला किंवा बेळगावकडं गेलेला माणूस उन्हाळ्यात परत येतो. त्याची लेकरं इथं, रेशन इथं, आई-बाप इथं. तो स्थलांतरित नव्हे, तात्पुरता गैरहजर आहे. हा फरक वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. तहसीलमध्ये कोणी वाद घातला तर कलमाचा आकडा सांगा, आवाज चढवू नका.

आता कामाला लागू.

यादी तपासायची वेळ आपली आपण ठरवावी लागते. यादीचं वार्षिक पुनरीक्षण १ जानेवारी ही अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात ती तारीख, धरून होतं. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी साधारण दिवाळीच्या मागं-पुढं येते, दावे-हरकतींना महिनाभर मिळतो आणि अंतिम यादी जानेवारीत लागते. म्हणजे ज्या दिवसांत नाव राहिलं की गेलं ते ठरतं, नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसं उसाच्या फडात असतात. म्हणून आम्ही पोळा ते घटस्थापना ही आपली वेळ ठरवली. तेव्हा सगळे गावात असतात, मुकादमाची, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराची, आगाऊ उचल घेऊन झालेली असते पण ट्रॅक्टर आलेला नसतो.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, मतदारसंघ आणि भाग क्रमांक निवडला की यादीची पीडीएफ फुकट मिळते. ती छापून घ्या. मागं पुरवणी यादी जोडलेली असते, तीही छापा, कारण खरी गोष्ट तिथंच असते. तिच्यात वाढवलेली, वगळलेली आणि दुरुस्त केलेली नावं वेगवेगळी असतात. वगळलेल्या नावापुढं कारणाचं इंग्रजी अक्षर असतं: 'ई' म्हणजे मयत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार, 'एम' म्हणजे आढळून आले नाही, 'क्यू' म्हणजे अपात्र. आमच्या भागात 'एस' मोजायला घ्या, कोयत्यावर जाणाऱ्यांची घरं आपोआप सापडतील.

मग चावडी वाचन. देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी, माणसं शेतातून आल्यावर. दवंडी द्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून सांगा. एकानं अनुक्रमांकासह नाव मोठ्यानं वाचायचं, दोघांनी पेन्सिल घेऊन बसायचं. हजार-बाराशे नावांना दोन संध्याकाळी लागतात. घाई करू नका. गाव ऐकत असलं की यादी स्वतःच दुरुस्त होऊ लागते. "ते तर तीन वर्षांखाली वारले." "ती लेक नांदायला गेली, इथं कशाला नाव?" "ह्यो कोण? असा माणूसच नाही आपल्याकडं." प्रत्येक बोलण्याची खूण करा.

बायकांच्या नावांशी जास्त वेळ थांबा. सगळं गाव जिला आक्का म्हणतं तिचं कागदावरचं नाव शेजारणीलाही ठाऊक नसतं. माहेरचं नाव एका कार्डावर, सासरचं दुसऱ्यावर. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. वाचनाच्या वेळी बायकांना ओसरीवर मागं बसवू नका, पुढं बसवा आणि आपलं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणायला लावा. चुकीची स्पेलिंगं, नवऱ्याच्या जागी दिराचं नाव, सगळं तिथंच पकडता येतं.

खुणा झाल्या की अर्ज. नमुना ६ नवीन नावासाठी. अर्हता तारखा आता वर्षातून चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना आधीच अर्ज करता येतो. नमुना ८ पत्ता बदल, दुरुस्ती, नवीन ओळखपत्र यासाठी. नमुना ७ नाव वगळण्यासाठी. हे तिन्ही मतदार सेवा पोर्टलवर किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरता येतात, बीएलओकडंही देता येतात, आणि अडलं तर १९५० हा फुकट फोन क्रमांक आहे.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, ती काहींना रुचत नाही. मयतांची नावं काढायला आपणच पुढं झालं पाहिजे. मृत्यूचा दाखला जोडून घरच्यांनी नमुना ७ भरावा. ज्याचं बिऱ्हाड कायमचं चाकणला गेलं, ज्याची लेकरं तिथल्या शाळेत आहेत, त्यानं नमुना ८ भरून नाव तिकडं न्यावं. गावात घर आहे एवढ्यावर माणूस इथला रहिवासी ठरत नाही, हेही त्याच कलम २० मध्ये लिहिलं आहे, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कलम १७ ची मनाई आहे. आपल्या गावची यादी आपणच साफ ठेवली, तर ऊसतोड्याचं नाव राखताना आपल्या शब्दाला वजन येतं.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी मात्र छापील नमुना नाही. त्यांचं नाव यादीत आहेच, ते कोणी काढू नये एवढंच हवं आहे. त्यासाठी आम्ही निघण्याआधी साधा अर्ज देतो. मजकूर असा:

"प्रति, मतदार नोंदणी अधिकारी, ____ विधानसभा मतदारसंघ, मार्फत तहसीलदार तथा सहायक मतदार नोंदणी अधिकारी. विषय: हंगामी कामासाठी तात्पुरते बाहेरगावी जात असल्याबाबत. मी यादी भाग क्रमांक ____, अनुक्रमांक ____, ओळखपत्र क्रमांक ____ येथील मतदार असून या गावाचा/ची सर्वसाधारण रहिवासी आहे. ऊसतोडणीच्या कामासाठी मी ____ ते ____ या काळात तात्पुरता/ती बाहेरगावी राहणार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २०(१अ) नुसार या तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे माझे रहिवासीपण संपत नाही. माझ्या नावाबाबत कोणतीही हरकत अथवा अहवाल आल्यास खालील मोबाईल क्रमांकावर कळवावे, घरी असलेल्या ____ यांच्याकडे नोटीस द्यावी आणि मला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाव वगळू नये."

खाली सही किंवा अंगठा. सोबत रेशनकार्डाची, रोजगार हमीच्या जॉबकार्डाची झेरॉक्स आणि लेकराचा इथल्या शाळेचा किंवा वसतिगृहाचा दाखला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेतलं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळालं असेल तर तेही जोडा, कारण हा माणूस ऊसतोडीला जातो आणि याच गावचा आहे, ही दोन्ही त्यातूनच दिसतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" असं म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. आमच्या भागातल्या एका कार्यालयात चाळीस अर्ज एकदा ठेवून घेतले आणि महिन्याभरानं त्यातला एकही सापडला नाही. त्या वर्षीपासून पोच देत नसतील तर आम्ही स्पीड पोस्टानं पाठवतो आणि पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचतो. जाणाऱ्याची प्रत पत्र्याच्या पेटीत नको, मागं राहणाऱ्या म्हातारीकडं द्या आणि तिला सांगून ठेवा की दाराला काही चिकटवलं तर त्याच दिवशी बाईंकडं घेऊन यायचं.

ते चिकटवलेलं कागद दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे बीएलओच्या अहवालावरून अधिकाऱ्यानं स्वतः काढलेली नोटीस. दुसरं म्हणजे गावातल्याच कोणीतरी आपल्याविरुद्ध नमुना ७ भरलेला असतो. निवडणूक जवळ आली की दुसरं वाढतं. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो आणि त्याला स्वतःचं नाव, ओळखपत्र क्रमांक देऊन सही करावी लागते. खोटं निवेदन केलं तर त्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आलेल्या हरकतींची यादी नमुना १० मध्ये मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि संकेतस्थळावरही असते. पुनरीक्षणाच्या महिन्यात गावातल्या एका शिकल्या पोरानं दर आठवड्याला ती पाहावी. आमच्याकडं बारावीची दोन मुलं हे करतात, दहा मिनिटांचं काम आहे.

नाव धोक्यात आलं तर कलम २२ आठवा: रहिवासी राहिला नाही या कारणानं नाव काढण्याआधी म्हणणं ऐकून घेणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली लाल बाबू हुसेन यांच्या प्रकरणात हेच ठळक केलं, की आधीपासून यादीत असलेल्याचं नाव नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येत नाही. सुनावणीची तारीख जानेवारीतली असेल आणि माणूस फडात असेल, तर लेखी अर्ज देऊन पुढची तारीख मागा, सोबत आधीच्या अर्जाची पोच लावा. मुकादम एका माणसाला दोन दिवस सोडत असेल तर टोळीतून एकानं यावं आणि येताना सगळ्यांची लेखी म्हणणी घेऊन यावं.

तरीही नाव गेलं तर आदेशाची प्रत मागा. तिच्याशिवाय पुढं जाता येत नाही. पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडं, आदेशापासून १५ दिवसांत. दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशापासून ३० दिवसांत. आणि अपील चालू असलं तरी नवीन नमुना ६ भरून टाका. दोन्ही वाटा धरा, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालताच येत नाही, आणि अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावेच लागतात. मतदानाच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नसतो तो यामुळं.

कागद दाबून ठेवत असतील तर माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "का काढलं?" असं विचारू नका, उत्तर टोलवतील. "भाग क्रमांक अमुक, अनुक्रमांक अमुक हे नाव वगळण्याचा आदेश, त्यामागील बीएलओचा अहवाल, नोटीस आणि ती बजावल्याचा पंचनामा यांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. ३० दिवसांत नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या वेळी गोंधळ होतो. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोग. पण यादी विधानसभेचीच वापरतात, ती फक्त प्रभाग-गणांत फोडतात. म्हणून तेव्हा हरकत घ्यायची ती चुकीच्या प्रभागात पडलेल्या, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथं सुटलेल्या नावाची. नवीन नाव तिथं घालता येत नाही.

मतदानाच्या दिवसाबद्दल थोडं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, म्हणजे टोळ्या हलायच्या ऐन दिवसांत. तेव्हा परत आलेल्या माणसाला केंद्रावर अडवलं जाऊ नये म्हणून हे माहीत हवं: केंद्राध्यक्षाकडं गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची वेगळी यादी असते, तिला एएसडी यादी म्हणतात. तिच्यात नाव असलं तरी मत नाकारता येत नाही. ओळख कसून तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात आणि मत देऊ देतात. मी स्वतः अशी मतं घेतली आहेत. मतदार ओळखपत्र हरवलं असेल तर आधार, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं. आपल्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असेल तर घरी परतू नका, 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तो पुरावा असतो. सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, आणि ती रांगेच्या शेपटाकडून वाटायला सुरुवात करतात, म्हणजे मागून कोणी घुसू नये.

उमेदवाराचे एजंट होणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सकाळी मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राचं चाचणी मतदान, असतो, त्याला हजर राहा आणि ती मतं पुसून यंत्र शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा. संध्याकाळी जेवायला म्हणून निघून जाऊ नका. मशीन बंद झाल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो, त्यात एकूण किती मतं पडली आणि कोणतं यंत्र होतं याची नोंद असते, आणि त्याची प्रत हजर असलेल्या एजंटला द्यायची असते. मी केंद्राध्यक्ष असताना प्रती तयार करून बसायचे आणि घ्यायला एकच एजंट उरलेला असायचा. मोजणीच्या टेबलावर तोच कागद यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायचा असतो.

यंत्रांबद्दल पारावर खूप बोललं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं मतपत्रिकेवर आपणच फेरमतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्या गावाची तळमळ मला समजते. पण असं मतदान झालं असतं तरी कायद्यात त्याला जागा नव्हती. जागा आहे ती इथं: प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या, मोजतातच. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाप्रमाणं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी लेखी मागता येते, खर्च त्यानं आधी भरायचा, गडबड सापडली तर परत मिळतो. आणि निवडणूक याचिका ४५ दिवसांत, आपल्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. ती उमेदवारच नव्हे, मतदारसंघातला साधा मतदारही दाखल करू शकतो. ग्रामपंचायतीला मुदत फक्त १५ दिवस, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढं. या मुदती चुकल्या की तक्रार कितीही खरी असली तरी ऐकायला कोणी नसतं.

एकेकाचं नाव वाचवून दरवर्षी तेच पुन्हा करावं लागतं, म्हणून ग्रामसभेचा ठराव. आपल्याकडं ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला निम्मं गाव बाहेर असतं, त्या दिवशी हा विषय घेऊच नका. १ मेला माणसं परतलेली असतात, २ ऑक्टोबरला निघालेली नसतात. सात दिवस आधी विषय लेखी द्या, म्हणजे ऐनवेळचा विषय म्हणून टाळता येणार नाही.

ठरावात आम्ही चार गोष्टी मागितल्या. ऊसतोडीच्या गावांत बीएलओची घरभेट मे-जूनमध्ये किंवा घटस्थापनेआधी व्हावी. कुलूप दिसलं तर 'स्थलांतरित' न लिहिता 'हंगामी बाहेर' अशी नोंद करून फोन करावा, फोन क्रमांकांची यादी गाव पुरवील. स्थलांतराच्या कारणानं नाव काढण्याची सुनावणी एप्रिलच्या आधी ठेवू नये. आणि वगळायच्या नावांची यादी कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. शेवटच्या मागणीला आधार आहे. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ ला ती कारणांसह जाहीर करायला लावली आणि पंचायत कार्यालयांतही लावायला सांगितली. जे तिथं करता आलं ते आमच्या साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात अवघड नाही.

ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि मुख्य निवडणूक अधिकारी यांना पाठवा. शेजारच्या गावांनाही द्या. एका गावाचा ठराव फाईलला लागतो, दहा गावांचे आले की बैठक लागते. आमच्याबरोबर सहा गावं आली. तीस दिवस वाट पाहून, ठरावावर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत माहिती अधिकारात मागितली. त्यानंतर आमच्या बीएलओ बाई, माझ्या जागी आलेल्या, घटस्थापनेआधी घरोघर फिरल्या. मी त्यांच्याबरोबर होते. आक्का स्वतः घरी भेटल्या, नमुना ६ भरून परत आलेलं नाव दाखवलं त्यांना, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. त्यांनी तो आकडा नातीकडून भिंतीवर खडूनं लिहून घेतला, चुलीच्या वर, धूर लागणार नाही अशा जागी.